नव्या घरात राहायला गेलात? आधी विजेची पेटी उघडून बघा

घराची किल्ली हातात आली की आपण आधी नळ सोडून बघतो, मग खिडक्या नीट लागतात का, कडी बसते का ते बघतो. विजेचं मात्र बटण दाबायचं आणि दिवा लागला की पुढच्या खोलीत जायचं. दिवा लागला म्हणजे वीज आहे, एवढंच कळलं. ती वीज भलत्या ठिकाणी उतरली तर तिला अडवणारं काही या घरात आहे का, हे दिव्यावरून कळत नाही.

मी आयटीआयमधून तारतंत्रीचा कोर्स केला आणि वीसेक वर्षं अमरावतीत घरांच्या वायरिंगचं काम करतोय. पहिल्यांदाच बिऱ्हाड थाटणाऱ्यांसाठी हे लिहितोय: शिकायला आलेली मुलं, नवीन लग्न झालेलं जोडपं, नुकताच फ्लॅट घेतलेलं कुटुंब. यातलं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता. रबरी तळाची कोरडी चप्पल, एक टेस्टर, वही-पेन आणि रविवारची एक सकाळ एवढं पुरतं. जिथे वायरमनच हवा तिथे तसं लिहिलंय. तिथे कृपा करून स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊ नका.

पहिलं काम: पेटीची ओळख करून घ्या

मीटरकडून आलेली वायर घरात ज्या पेटीत शिरते तिला आम्ही डीबी म्हणतो. बहुतेक वेळा ती मुख्य दाराच्या मागे, डोक्याच्या वर असते. झाकण उघडलं की खटक्यांची एक रांग दिसते. प्रत्येक खटका म्हणजे एक एमसीबी, आणि प्रत्येक एमसीबीकडे घराचा एकेक भाग. कोणती कशाची, हे सहसा लिहिलेलं नसतं.

कॉम्प्युटर, टीव्ही आधी बंद करा. एक जण पेटीजवळ उभा राहू दे, दुसरा घरात फिरू दे. एकेक खटका खाली करायचा, काय बंद पडलं ते ओरडून सांगायचं आणि वहीत लिहायचं. मग चिकटपट्टीवर मार्करने नावं घालून त्या त्या एमसीबीखाली लावा: ‘हॉल दिवे-पंखे’, ‘ओटा प्लग’, ‘गिझर’. रात्री दोन वाजता एखाद्या बोर्डातून धूर येतो तेव्हा ही चिकटपट्टी किती कामाची असते, हे मी अनेक घरांत पाहिलंय. घरातल्या प्रत्येकाला, आठ-दहा वर्षांच्या मुलालाही, मेन (अख्ख्या घराची वीज तोडणारा खटका) कुठला आणि तो कसा पाडायचा हे दाखवून ठेवा. पेटी उंचावर असेल तर जवळ एक लाकडी स्टूल असू द्या.

आता मेन पाडा. तरी पंखा फिरतोच आहे? मग घरात इन्व्हर्टर आहे आणि ही गोष्ट लाल अक्षरात लिहून ठेवा. मेन बंद झाला की ‘लाईट गेली’ असं समजून इन्व्हर्टर स्वतःहून सुरू होतो आणि त्याच्यावरच्या दिव्या-पंख्यांच्या वायरींत पुन्हा २३० व्होल्ट सोडतो. बल्ब बदलायला, पंखा पुसायला, होल्डर बघायला मेन पाडून निश्चिंत झालेल्या माणसाला शॉक बसतो तो असा. इन्व्हर्टर असलेल्या घरात मेन आणि इन्व्हर्टर, दोन्ही बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. छतावर सोलर असेल तर ऊन असेपर्यंत पॅनलपासून खाली येणाऱ्या वायरींत वीज असतेच, तुम्ही खाली काहीही बंद केलं तरी. त्या वायरींना हात फक्त बसवणाऱ्याने लावायचा.

जुन्या वाड्यात किंवा चाळीत एमसीबीऐवजी चिनीमातीचे किटकॅट फ्यूज सापडतील. त्यातली तार बारीक असते, कारण लोड वाढला की ती वितळून वीज तोडते. सारखी उडते म्हणून कुणीतरी तिच्या जागी तांब्याच्या वायरीचे चार पदर पिळून घातलेले असतात. ते दिसले तर घरमालकाला फोटो पाठवा आणि एमसीबी बसवून मागा. कारण मग वितळायला फ्यूज उरत नाही, भिंतीतली वायरच वितळते.

दुसरं काम: ईएलसीबी आहे का ते शोधा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

‘आमच्याकडे सगळ्या एमसीबी नव्या आहेत, शॉकची भीती नाही’, असं मला आठवड्याला एक तरी गिऱ्हाईक सांगतं. एमसीबीचं काम वायर वाचवण्याचं आहे. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं की ती पडते. माणसाला शॉक बसलाय हे तिला कळतच नाही. आकडे मांडून बघू. ओल्या अंगाचा माणूस विजेला साधारण १००० ओहमचा अडथळा करतो. २३० व्होल्ट भागिले १०००, म्हणजे त्याच्या अंगातून ०.२३ अँपिअर जातात. छताचा साधा ७५ वॅटचा पंखा ०.३३ अँपिअर ओढतो. म्हणजे शॉक लागून तडफडणारा माणूस पंख्याहूनही कमी करंट ओढतोय, आणि १६ अँपिअरची एमसीबी त्याच्या कितीतरी पट करंट जाईपर्यंत हलणार नाही.

आणि शरीराला सोसवतं किती? दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आवळले जातात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ‘करंटने ओढून धरलं’ असं लोक म्हणतात ते हेच. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतात. ०.२३ अँपिअर म्हणजे २३० मिलिअँपिअर. यावरून काय ते समजा.

माणसासाठी जी वस्तू आहे तिला बाजारात ईएलसीबी म्हणतात. कंपन्या तिच्यावर आरसीसीबी लिहितात. दुकानात दोन्ही नावांनी हल्ली तीच मिळते. फेजने जेवढा करंट घरात गेला तेवढाच न्यूट्रलने परत आला का, हे ती अखंड मोजत असते. कमी आला तर मधला कुठेतरी गळतोय, गिझरच्या टाकीतून किंवा कुणाच्या तरी अंगातून. हा फरक ३० मिलिअँपिअर झाला की तिने ०.३ सेकंदाच्या आत वीज तोडायलाच हवी, आणि अंगातून मोठा करंट जात असेल तर ती याहून कितीतरी लवकर तोडते. एक चटका बसतो, माणूस मागे होतो आणि घरात अंधार होतो. तो अंधार झाला की देवाचे आभार माना.

पेटीत ती ओळखायची कशी? सिंगल फेज घरात ती एका एमसीबीच्या दुप्पट रुंद असते आणि तिच्यावर एक छोटं बटण असतं, त्यावर ‘टेस्ट’ किंवा नुसतं इंग्रजी ‘टी’. अंगावर ३० मिलिअँपिअर किंवा ०.०३ अँपिअर छापलंय का बघा. १०० किंवा ३०० असेल तर ती आगीपासून बचाव म्हणून चालेल, माणसासाठी नाही. आता ते बटण दाबा. खटका खाडकन पडला पाहिजे. नाही पडला तर आतलं यंत्र अडकलंय, बदलून घ्या. वर्षानुवर्षं कुणी बटण दाबलं नाही तर असं होतं. म्हणून महिन्यातून एकदा, गॅस सिलिंडर बदलाल किंवा लाईट बिल भराल त्या दिवशी, बटण दाबायची सवय लावा.

पेटीत ती नसेलच तर बसवून घ्या. सामान आणि मजुरी मिळून साधारण दोन-तीन हजारांचं काम आहे, पेटीत जागा असेल तर तासाभरात होतं. भाड्याचं घर असेल तर घरमालकाशी बोला, अर्धे-अर्धे करा, आणि तरी नाहीच झालं तर माझं ऐका, स्वतःच्या पैशाने बसवा. घर सोडताना काढून नेता येते. बिलावर आणि वस्तूवर आयएस १२६४० आणि आयएसआयचा शिक्का आहे ना, हे बघून घ्या.

नवी बसवली आणि ती सारखी पडायला लागली, असं होतं. मग लोक वायरमनला म्हणतात, ‘काढून टाका, डोक्याला ताप झालाय.’ मी काढत नाही. ती पडतेय म्हणजे गळती आधीपासूनच होती, आता फक्त दिसायला लागली. घरातले सगळे प्लग काढा, ईएलसीबी वर करा आणि एकेक वस्तू लावत जा. कोणत्या वस्तूला पडते ते पाच मिनिटांत कळतं. बहुतेक वेळा गिझरची कॉइल असते, नाहीतर कूलरचा पंप किंवा जुनी वॉशिंग मशीन. एकही वस्तू लावलेली नसताना पडत असेल तर भिंतीतल्या वायरिंगमध्ये ओल आहे, ते वायरमनचं काम.

एक मर्यादाही सांगतो. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलं तर गेलेला करंट पूर्ण परत येतो आणि ईएलसीबीला फरक दिसत नाही. त्यामुळे ती आहे म्हणून उघड्या वायरीशी खेळ करायचा नाही.

तिसरं काम: प्लगची तिसरी पिन

तीन पिनांचा कुठलाही प्लग हातात घ्या आणि नीट बघा. वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब आहे. प्लग खुपसताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. वस्तूत वीज शिरण्याआधी तिचं धातूचं अंग जमिनीशी जोडलेलं असावं, म्हणून ही रचना आहे. ही झाली अर्थिंगची पिन. घरातल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी किंवा निळी वायर फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थिंगची. उपकरणांच्या नव्या वायरींत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी पट्ट्यांची अर्थिंग असते. निळ्या रंगाचे दोन अर्थ झाले, म्हणून नुसत्या रंगावर विसंबून कधीच हात लावू नये.

अर्थिंग कसं वाचवतं? मिक्सरच्या किंवा फ्रिजच्या आत वायर घासली आणि फेज बॉडीला लागला, तर अर्थिंगच्या वायरीतून मोठा करंट जमिनीत जातो आणि एमसीबी पडते. पण अर्थिंग कमजोर असेल, समजा २० ओहम, तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअरच जातात. १६ची एमसीबी तशीच उभी राहते आणि फ्रिजची बॉडी करंट मारत राहते. म्हणून अर्थिंग आणि ईएलसीबी दोन्ही लागतात.

सॉकेट तपासायचं असेल तर आधी टेस्टर तपासा: जिथे वीज नक्की आहे तिथे तो लागतो ना? मग बटण चालू करून सॉकेटच्या उजव्या भोकात टेस्टर घाला, अर्थिंगचं मोठं भोक वर असताना. तिथे तो लागला पाहिजे. डाव्या आणि वरच्या भोकात लागता कामा नये. आता बटण बंद करा. आता कुठेही लागता कामा नये. बंद करूनही लागत असेल तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलंय, म्हणजे तुम्ही बंद समजता तेव्हाही वस्तूत वीज असते. हे दुरुस्त करून घ्याच. नव्या सॉकेटमध्ये लहान मुलांसाठी आत पडदा असतो. तो असेल तर टेस्टर जबरदस्तीने घालू नका.

वरच्या भोकात टेस्टर लागला नाही म्हणजे अर्थिंग चांगलं आहे असं मात्र नाही. तिथे वायरच जोडलेली नसेल तरी तो लागणार नाही. ते वायरमनकडून तपासून घ्या. आणखी एक गोष्ट त्याला मुद्दाम विचारा: ‘अर्थिंग आणि न्यूट्रल सॉकेटमध्ये लूप केलंय का?’ अर्थिंगची वायर ओढायचा खर्च वाचवायला काही जण तिसऱ्या पिनेला न्यूट्रलच जोडून देतात. टेस्टरवर सगळं ठीक दिसतं. पण ज्या दिवशी न्यूट्रल कुठे तुटतो त्या दिवशी त्या लायनीवरच्या प्रत्येक वस्तूची बॉडी फेज होते.

स्वतंत्र घर असेल तर अंगणात अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधा. जुन्या पद्धतीच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेलं असतं आणि ओल असेल तोवरच ते नीट चालतं. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत जमीन भेगाळते, तेव्हा आठवड्याला दोन बादल्या पाणी तिथे ओतावं.

काडेपेटीच्या काड्या खोचून सॉकेटमध्ये उघड्या वायरी लावणं, तीन पिनेचा प्लग बसावा म्हणून वरची पिन कापून टाकणं, हे आजही खोल्याखोल्यांतून चालतं. प्लग पन्नास-साठ रुपयांना मिळतो. कापलेली पिन दिसली की आधी तो प्लग बदला.

लोडचा हिशेब

वस्तूवर वॅट लिहिलेले असतात. त्यांना २३०ने भागलं की अँपिअर निघतात. इस्त्री १००० वॅट, म्हणजे सव्वाचार. पाणी तापवायचा रॉड १५०० वॅट, साडेसहा. इंडक्शन किंवा गिझर २००० वॅट, पावणेनऊच्या जवळ. लहान सॉकेट ६ अँपिअरचं, मोठं १६चं. म्हणजे रॉडसुद्धा लहान सॉकेटवर बसत नाही, मग पिन बसो वा न बसो.

एक्स्टेंशन बोर्डावर चार सॉकेट असले तरी मागे वायर एकच असते. चार्जर, लॅपटॉप, टेबल फॅन खुशाल लावा; इस्त्री, रॉड, इंडक्शन, हीटर कधीच नाही. भिंतीतल्या वायरीचंही तसंच: दिव्या-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, १६च्या सॉकेटला २.५, गिझर-एसीला ४ अशी साधारण पद्धत आहे. एमसीबी सारखी पडते म्हणून १६च्या जागी ३२ची बसवून घेणं म्हणजे आग लावायची तयारी करणं, कारण वायर तीच जुनी राहते. वस्तू वीस मिनिटं चालल्यावर बटण बंद करा, प्लग काढा आणि हाताची मागची बाजू प्लगजवळ न्या. चटका बसण्याइतका गरम असेल, सॉकेटचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल किंवा मासळीसारखा उग्र वास येत असेल, तर आतला जोड सैल झालाय. ते सॉकेट त्याच दिवसापासून वापरायचं बंद.

पाणी आणि वीज

विदर्भात मार्च उजाडला की मला पहिला फोन कूलरचा येतो. लोखंडी पत्र्याची बॉडी, आत पाण्याने भरलेली टाकी, त्या पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि समोर अनवाणी उभा माणूस. घरातली दुसरी कुठलीही वस्तू इतकी सगळी कारणं एका जागी आणत नाही. त्यात तो आठ महिने गच्चीवर नाहीतर जिन्याखाली पडलेला असतो. उंदरांनी वायर कुरतडलेली असते, पंपाच्या वायरीचं प्लास्टिक वाळून तडकलेलं असतं.

हंगामात पहिल्यांदा लावण्याआधी सगळी वायर हातातून सरकवत बघा. मध्ये चिकटपट्टीचा जोड असेल तर पूर्ण वायर बदला. वायर तीन पदरी हवी, आणि हिरवा पदर कूलरच्या पत्र्याला रंग खरवडून स्क्रूने घट्ट बसवलेला हवा. मोटारीची वायर पत्र्याच्या भोकातून जिथे बाहेर येते तिथे रबरी बूच आहे का बघा. नसेल तर पत्र्याची धार थरथरून थरथरून वायर कापते. कूलर नव्याने लावताना ईएलसीबीचं बटण आधी दाबून घ्या. मग कूलर चालू करून, चप्पल घालून, टेस्टर पत्र्याला लावा, पण रंगावर नको. रंग वीज अडवतो आणि टेस्टर खोटी ग्वाही देतो. एखाद्या उघड्या स्क्रूवर लावा.

त्यानंतर एक नियम, घरातल्या प्रत्येकासाठी: पाणी भरताना, गवत बदलताना, टाकीत हात घालताना प्लग काढलेला हवा. नुसतं बटण बंद केलेलं पुरत नाही. दुपारी कूलर सुरू ठेवून त्यात पाईप सोडणं ही रोजची सवय आहे आणि ती मोडायला मला प्रत्येक घरात वेळ द्यावा लागतो. लहान मुलं गार हवेसाठी कूलरच्या जाळीला चिकटून उभी राहतात. कूलरपुढे लाकडी फळी किंवा जाड रबरी पायपुसणं टाका आणि शक्य असेल तर तो खिडकीबाहेर स्टँडवर बसवा.

गिझरचं थोडक्यात: अंघोळीला जाण्याआधी बाहेरच्या बटणाने बंद करायचा. शॉवरला किंवा नळाला मुंग्या आल्यासारखं झालं तर ते ‘थोडंसं करंट आहे’ म्हणून सोडून द्यायचं नाही, दुरुस्ती होईपर्यंत तो वापरायचाच नाही. रॉड असेल तर आधी पाण्यात बुडवायचा, मग बटण लावायचं. आधी बटण बंद, प्लग बाहेर, मग रॉड काढायचा. बादली प्लास्टिकची. पाणी तापलं का हे रॉड चालू असताना बोट घालून बघायचं नाही.

आता कपडे वाळत घालायची तार. हे मला स्वतःच्या घरातलं सांगायचंय. मी दहावीत होतो. आमच्या अंगणात लोखंडी तार बांधलेली होती, तिचं एक टोक टिनाच्या छपराच्या अँगलला. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर त्याच पत्र्याच्या कडेवर टेकलेली होती आणि वाऱ्याने हलून हलून तिचं वरचं आवरण घासलं गेलं होतं. कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण उन्हाळ्यात सगळं कोरडं होतं. पहिला पाऊस पडून गेला त्या सकाळी आईने ओला टॉवेल तारेवर टाकला आणि तिचा हात तिथेच राहिला. तोंडातून आवाज नाही. काकांनी धावत जाऊन मेन पाडला. काही फरक पडला नाही, कारण वीज येत होती ती मेनच्या आधीच्या वायरीतून. मग त्यांनी वाळलेला बांबू घेऊन तारेवर घातला, तार तुटली आणि आई खाली पडली. ती वाचली. तिच्या उजव्या तळव्यावर ती रेघ अजून आहे.

त्या ठिकाणी घरातली ईएलसीबीसुद्धा उपयोगी पडली नसती, कारण तीही मेनच्या पुढे असते. म्हणून धातूची तार काढा, नायलॉनची दोरी बांधा. पावसाळ्याआधी घराबाहेर उभे राहून खांबापासून मीटरपर्यंतची वायर डोळ्यांनी बघा. ती पत्र्याला, झाडाच्या फांदीला, ग्रिलला कुठे टेकते का? टेकत असेल तर हात लावू नका, वीज कंपनीकडे तक्रार नोंदवा.

घराबाहेर

विजेच्या खांबाला, त्याच्या ताणाच्या तारेला किंवा डीपीच्या, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरच्या, कुंपणाला दोरी, जनावर, झेंडा काही बांधू नये. गच्चीजवळून ११ हजार व्होल्टची लाईन जात असेल तर इमारतीपासून तिचं आडवं अंतर किमान १.२ मीटर असावं लागतं. गॅलरी पुढे वाढवताना, स्लॅबच्या सळया वर ओढताना हे ध्यानात ठेवा. संक्रांतीला तारेत अडकलेला पतंग सळईने किंवा ओल्या काठीने काढायला जाणाऱ्या मुलाला तिथल्या तिथे थांबवा, तो मुलगा तुमचा असो की शेजाऱ्याचा. गणपतीच्या मखरात माळा लावल्या तर जोड कापसाजवळ, थर्माकोलजवळ नको, आणि झोपताना सगळं बंद.

तार तुटून पडलेली दिसली तर तिच्यात वीज आहे असंच धरा. दहा मीटर तरी लांब थांबा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडवा आणि फोन करा. तुम्ही आधीच जवळ पोचला असाल तर लांब ढांगा टाकू नका. जमिनीतच वीज पसरलेली असते आणि दोन पावलांमधल्या अंतरामुळे ती अंगातून जाते. पाय जुळवलेले ठेवून, जमिनीवर घासत घासत मागे या.

कडाडायला लागलं की टीव्ही, फ्रिज, वायफायचे प्लग काढून ठेवा. वीज पडण्याची सूचना देणारं ‘दामिनी’ हे ॲप पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने केलंय, शेतावर जाणाऱ्यांनी तरी ते फोनमध्ये ठेवावं.

शॉक बसलाच तर

माणसाला हात लावायचा नाही. आधी प्लग किंवा मेन, आणि इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी पाटावर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून, वाळलेल्या काठीने वायर किंवा माणूस बाजूला करायचा. काठी ओली नाही ना, टोकाला लोखंड नाही ना, हे बघा. बाहेरची मोठी लाईन असेल तर काठीसुद्धा नाही. वीज कंपनीकडून लाईन बंद होईपर्यंत जवळ जायचं नाही.

सुटका झाली की हाक मारा, छाती हलते का बघा. श्वास नसेल तर एकाने १०८ला फोन लावायचा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला घ्यायची: दोन्ही तळवे एकावर एक, छातीच्या मधोमध, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचं नाही, दमलात तर माणूस बदला. आणि जो उठून बसला, ‘मला काही झालं नाही’ म्हणाला, त्यालाही दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. आतला भाजलेला भाग बाहेरून दिसत नाही आणि हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

बोर्डाला आग लागली तर पाणी टाकू नका. मेन बंद, मग कोरडी वाळू किंवा अग्निशामक सिलिंडर, आणि १०१.

वायरमनला बोलवाल तेव्हा त्याच्याकडे परवाना आहे का विचारा. यात कुणाला राग येण्यासारखं काही नाही; मला विचारलं की मी पाकिटातून काढून दाखवतो. मोठं काम असेल तर ते सरकारमान्य ठेकेदाराकडूनच करून घ्या आणि टेस्ट रिपोर्ट मागा. वायर आयएस ६९४ची आणि प्लग-सॉकेट आयएस १२९३चे हवेत, हे बोलणी करतानाच सांगा, म्हणजे नंतर वाद होत नाही.

शेवटी वहीतलं एक पान फाडा. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: वीज तक्रार १९१२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, तुमच्या वायरमनचा नंबर, मीटरचा ग्राहक क्रमांक, इन्व्हर्टरचं बटण कुठे आहे ते, आणि ईएलसीबीचं बटण शेवटचं कधी दाबलं ती तारीख. ते पान पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. तारखेखाली जागा मोकळी सोडा, पुढच्या महिन्यात दुसरी तारीख लिहायची आहे.